फिगरची उंची बदलायची तर कशी? कापून, मिसळून, प्रिंट करून की जमीन उचलून

स्केल मॉडेलच्या एका दृश्यात चार सैनिकांच्या फिगर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, रणगाड्याशेजारी उभ्या केल्या. रंगकाम झालं, धूळ-चिखल झाला, आणि शेवटी बेस डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिला तर चारही हेल्मेट दोरी लावून आखल्यासारखी एका रेषेत. चेहरे वेगळे, हातवारे वेगळे, तरी चौघं एकाच साच्यातून काढलेले वाटत होते. तेव्हापासून मी फिगर बेसवर चिकटवण्याआधी उंची मोजतो. ती बदलण्याचे चार मार्ग मी करून पाहिलेत. तुमच्यासमोर आत्ता हाच प्रश्न असेल, तर कोणता मार्ग कुठे चालतो आणि कुठे फसतो ते सांगतो.

आधी आकडे. १/३५ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, १७५ सेंमीचा माणूस बरोबर ५० मिमी भरतो. १६५ सेंमीचा ४७ आणि १८५ चा जवळजवळ ५३. म्हणजे ठेंगण्या आणि उंचापुऱ्या माणसातलं सगळं अंतर सहा मिमीच्या आत बसतं. मोजताना टोपीच्या टोकापर्यंत मोजू नका. हेल्मेट आणि बुटाचा तळवा मिळून वाढ होते, आणि चांगली फिगर उगाच मोठी ठरते. मी टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजतो. १७५ सेंमीच्या माणसाचे डोळे साधारण १६३ सेंमीवर असतात, म्हणजे १/३५ मध्ये साडेसेहेचाळीस मिमीच्या आसपास.

दोन गोष्टी मात्र उंचीबरोबर बदलत नाहीत, आणि पुढची सगळी तुलना त्यांच्यावरच उभी आहे. पहिली म्हणजे डोकं. उंच आणि बुटक्या माणसांच्या डोक्यांत फरक फार थोडा असतो. खरा फरक पायांत असतो. दुसरी म्हणजे शस्त्र. जर्मन कार९८के रायफल १११ सेंमीची, ती धरणारा कोणीही असो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात १६० सेंमीची किमान अट न भरणाऱ्यांसाठी १९१४ मध्ये बर्कनहेडला बँटम बटालियन उभ्या राहिल्या. १५२ ते १६० सेंमीची ही माणसं, आणि हातात बाकीच्यांचीच ली-एनफिल्ड. ती रायफल त्यांच्याजवळ मोठी दिसते, आणि माणूस बुटका आहे हे नजरेला त्या रायफलमुळेच कळतं.

म्हणूनच वेगळ्या स्केलची फिगर मिसळणं मला सर्वांत कमी पटतं, जरी ते सर्वांत सोपं असलं तरी. १/३२ ची फिगर १/३५ च्या दृश्यात ठेवली की १७५ चा माणूस १९१ चा होतो. इथवर ठीक. पण त्याचं डोकं, पंजे, बूट, पाऊच, सगळंच नऊ टक्के फुगतं आणि त्याची कार९८के शेजाऱ्याच्या रायफलीपेक्षा तीन मिमी लांब भरते. डोकं आणि शस्त्र बदलून बरंच निभावतं, पंजे आणि बूट मात्र चुगली करतात. एकाच स्केलमधल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिगर मिसळणं त्यापेक्षा बरं, कारण प्रत्येक शिल्पकाराची चण वेगळी. फक्त डोकी शेजारी-शेजारी धरून पाहा. ती जुळली तर बाकी एकोणीस-वीस चालतं.

थ्रीडी प्रिंटरवर फिगरच्या आकाराची टक्केवारी बदलणं मोहात पाडतं. तीन टक्के वर-खाली केलंत तर १७० ते १८० सेंमी एवढा पल्ला मिळतो, डोक्यात फरक पडतो जेमतेम ०.२ मिमीचा आणि रायफलीत एक. कोणाच्या नजरेस येणार नाही. पाच टक्क्यांपलीकडे गेलात की माणूस उंच होण्याऐवजी नुसता मोठा दिसतो. काहीजण फक्त उभ्या अक्षात ताणतात. त्यात चेहरा लांबुळका होतो. प्रिंटसाठी फिगर तिरकी केल्यावर असं ताणलंत तर अख्खं शरीर एका बाजूला कलतं, म्हणून करायचंच तर तिरकी करण्याआधी करा. फाइलमध्ये सांधे असतील आणि पायांची हाडं वेगळी लांबवता येत असतील, तर हा मार्ग कापण्याच्या तोडीचा ठरतो.

आता कापणं. मेहनत इथे सर्वांत जास्त, आणि निकालही सर्वांत खरा, कारण उंची जिथे असते तिथेच, पायांत, ती घातली जाते. मांडीच्या मध्यावर बारीक करवतीने सरळ काप घ्यायचा, दोन्ही तोंडांना अर्ध्या मिमीचं भोक पाडून पितळी तार घालायची आणि मध्ये प्लॅस्टिक शीटचा तुकडा. करवतीच्या पात्याचा हिशोब विसरू नका: पातं ०.३ मिमी खातं, म्हणजे १/३५ मध्ये एक सेंमी उंची नुसत्या कापण्यात गेली. ती धरून तुकडा जाड घ्या. बुटकं करायचं असेल तर हीच ०.३ आपल्या बाजूने. दोन मिमी वाढवायचे असतील तर सगळे मांडीत कोंबू नका, निम्मे पोटरीत द्या, नाहीतर गुडघा खाली सरकल्यासारखा दिसतो. उंच बुटांच्या वरच्या कडेला किंवा पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांमध्ये काप लपतो. मांडीवर पुट्टी लावून पँटच्या चुण्या पुन्हा काढाव्या लागतात, आणि वेळ तिथेच जातो.

कमरपट्ट्यावर कापणं सोपं वाटतं, शिवणही दिसत नाही. पण धड लांबतं आणि माणूस बेढब होतो. एक-दीड मिमीच्या पुढे मी तिथे जात नाही. लांब ओव्हरकोटची फिगर असेल तर कोटाच्या घेराखालीच काप घ्या. आणि रायफलचा दस्ता जमिनीवर टेकवून उभी असलेली फिगर कापायला निवडूच नका. पाय वाढले की हात वर जातो, रायफल अधांतरी राहते आणि मग कोपरापासून सगळं नव्याने करावं लागतं. मी एकदा अख्खी संध्याकाळ त्यातच घालवली.

उरला चौथा मार्ग, जमीन. बेसवर पाच मिमीचा चढ म्हणजे १/३५ मध्ये साडेसतरा सेंमी. एकाचा पाय फुटपाथच्या कडेवर, एक चाकोरीत उतरलेला, एकाने वजन एका पायावर टाकलेलं, एवढ्याने हेल्मेटांची ओळ मोडते. यात फिगरला धक्का लागत नाही, चुकलं तर परत करता येतं. मात्र मागे दार किंवा भिंत असेल आणि माणसं सपाट फरशीवर उभी असतील तर हे चालत नाही. दोन मीटरचं दार ५७ मिमीचं. त्याच्याशेजारी प्रत्येकाची खरी उंची उघडी पडते.

१/७२ साठी फार विचार करायला नको. तिथे एक मिमी म्हणजे ७ सेंमी, आणि मऊ प्लॅस्टिकच्या फिगरवर ना पुट्टी नीट बसते ना चिकटवणी. जमीन आणि पोझ, बस.

१/३५ मध्ये खडबडीत जमिनीवर गर्दी असेल तर जमीनच वापरा. प्रिंटर हाताशी असेल तर तीन टक्क्यांच्या आत राहून निम्म्या फिगर वर-खाली करा. पुढच्या रांगेत तीन-चार माणसं सपाट जागी असतील तर करवत हातात घ्या, पण सगळ्यांवर नको. एक वाढवा, एक कमी करा, बाकीचे तसेच ठेवा. चौघांसाठी मी ४७, ४९, ५० आणि ५३ धरतो. ४६, ४८, ५०, ५२ असं सारख्या फरकाने केलंत तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. ५३ वाला टोकाला आणि ४७ वाला त्याच्यापासून एक माणूस सोडून, आणि या ४७ वाल्यालाच मी सर्वांत लांब रायफल देतो.