किनेक्ट घ्यायचंय? आधी हॉल मोजा

किनेक्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्राला (कन्सोलला) जोडायचा सेन्सर. तो टीव्हीजवळ बसून तुमचं अंग बघतो आणि हातात काही न धरता खेळवतो. तेव्हा टीव्हीसमोर मोकळी जमीन किती आहे, ते आधी मोजा. एकट्याला खेळायचं तर सेन्सरपासून सहा फूट मागे उभं राहावं लागतं, दोघांना आठ. हे आकडे मायक्रोसॉफ्टचेच. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये दिवाण भिंतीला लावला, टीपॉय बेडरूममध्ये ढकलला, शू-रॅक दाराबाहेर काढला, तेव्हा कुठे साडेसात फूट मिळाले. दोघं खेळायला लागले की एकाच्या पोटऱ्या कायम दिवाणाला टेकलेल्या.

२०१० सालची वस्तू आत्ता कशाला, असं विचाराल. अमेरिकेतल्या माझ्या भावाकडे नेक्स प्लेग्राउंड नावाचा एक चौकोनी डबा आलाय. तो टीव्हीजवळ ठेवायचा, समोर उड्या मारायच्या, हातात काही धरायचं नाही. त्याचे व्हिडिओ बघून आमचे चिरंजीव हट्टाला पेटले. नवरा म्हणाला, ‘यात नवीन काय? पंधरा वर्षांपूर्वी किनेक्ट आलं होतं की.’ मुद्दा बरोबर होता. इकडे मिळतही नाही त्या डब्यासाठी भावाच्या बॅगेत जागा अडवण्यापेक्षा आधी मूळ वस्तूच घरात आणून बघू म्हटलं. ओळखीतून जुना एक्सबॉक्स ३६० आणि किनेक्ट अशी जोडी मिळाली. स्वस्तात.

मी तेव्हा आयटीत होते, त्यामुळे किनेक्टचा गाजावाजा जवळून पाहिलाय. १ जून २००९ ला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमिंगच्या मेळ्यात मायक्रोसॉफ्टने ‘प्रोजेक्ट नाटाल’ जाहीर केलं, किनेक्टचं हे आधीचं नाव. मंचावर चक्क स्टीव्हन स्पीलबर्ग. सोबत एक फिल्म दाखवली. एक जण हवेत स्टिअरिंग धरून गाडी हाकतोय, घरातले इतर उठून हवेतच तिची चाकं बदलतायत. एक मुलगा स्वतःचा स्केटबोर्ड सेन्सरसमोर धरतो आणि तोच स्केटबोर्ड गेममध्ये हजर. यातला बराच भाग ‘असं होऊ शकेल’ या जातीचा होता, पण बघताना ते कोणाच्या लक्षात राहतं?

त्यावर कडी केली ती गेम बनवणाऱ्या पीटर मॉलिन्यू यांच्या ‘मायलो’ने. पडद्यातला एक मुलगा समोरच्या बाईचा आवाज ओळखतो, चेहरा वाचतो, तिने कागदावर काढलेलं चित्र पडद्यातून हात पुढे करून घेतो. आमच्या फ्लोअरवर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. हा मायलो दुकानात कधीच आला नाही. पुढच्या वर्षी, जून २०१० मध्ये, ‘किनेक्ट’ हे नाव जाहीर करताना सर्क द सोले या सर्कस कंपनीचा तमाशा ठेवला आणि आलेल्या पाहुण्यांना, पत्रकारांसकट, खांद्यात दिवे लावलेले पांढरे झगे घालून बसवलं. वस्तू दाखवायची असली की माणूस वस्तू दाखवतो. झगे वाटायची वेळ येते तेव्हा मला तरी शंका येते.

शंकेखोरांची बाजूही तेव्हा भरभक्कम होती. आमच्याच टीममधला एक जण ठासून सांगायचा, की सोनीने २००३ मध्ये आयटॉय काढलं तेव्हाही कॅमेऱ्यासमोर हातवारेच करायचे होते. दोन दिवस गंमत, मग अडगळ. निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलमध्ये निदान हातात रिमोट तरी होता. बटण नाही तर गोळी कशी झाडणार? चालणार कसं? सोफ्यावर बसून खेळता येणार का? प्रश्न सगळे रास्त. फक्त किनेक्ट म्हणजे मोठं आयटॉय, हा त्याचा पाया कच्चा होता.

का, ते आमच्याच घरात बघायला मिळालं. मामाचा जुना हँडीकॅम आहे, अंधारात चित्रण करणारा. रात्री हॉलमधले दिवे घालवून त्याच्यातून किनेक्टसमोर बघितलं. डोळ्यांना मिट्ट काळोख, आणि हँडीकॅमच्या पडद्यावर भिंत, पडदे, दिवाण, चिरंजीवांचं नाक, सगळ्यावर पिठीसाखर भुरभुरावी तसे हजारो ठिपके. त्यात नऊ ठिपके बाकीच्यांहून ठळक, तीन-तीनच्या रांगांत. मुलगा पुढे सरकला की त्याच्या अंगावरचे ठिपके भिंतीवरच्या ठिपक्यांच्या मानाने बाजूला सरकतात. सगळी करामत तिथे आहे. एक डोळा इन्फ्रारेड ठिपके टाकतो, दुसरा ते कुठे पडले हे बघतो आणि किती सरकले त्यावरून अंतर काढतो, सेकंदाला तीस वेळा. आयटॉयला काहीतरी हललं एवढंच कळायचं. किनेक्टला तुमचा हात छातीच्या किती पुढे आहे, हे कळतं. हे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं.

दुसरा अर्धा भाग मायक्रोसॉफ्टच्या इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेतला. आलेल्या चित्रातला एकेक बिंदू घ्यायचा आणि तो शरीराच्या एकतीस भागांपैकी कशात बसतो ते ठरवायचं: डावं कोपर, उजवा गुडघा, डोक्याची वरची बाजू. त्यासाठी संगणकावर तयार केलेली दहा लाख चित्रं हजार कोअरच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, साधारण दिवसभर शिकवली होती. त्यातून वीस सांध्यांचा सांगाडा उभा राहतो आणि तुम्ही हललात की तो हलतो. हे २०१० मध्ये दीडशे डॉलरच्या वस्तूत, अमेरिकेतल्या घरोघरी. शंकेखोरांनी इथे निदान टोपी काढायला हवी होती. काहींनी काढलीही.

आता या सांगाड्याची आमच्या घराशी गाठ. सासूबाई किनेक्ट स्पोर्ट्समध्ये बोलिंग खेळतात. बाजूला हात लांबवून चेंडू उचलायचा, एक पाऊल पुढे, आणि हात झोकून सोडायचा. त्यांचा झोक असा, की चेंडू टाकताना ‘हं!’ असा आवाज येतो आणि शेजारचे शोकेसमधले कप किणकिणतात. पण नेसलेली साडी. वरचं अंग यंत्राला बरोबर सापडतं. खाली कमरेपासून घोट्यापर्यंत एकच घेर, त्यात गुडघे कुठे हे अंदाजानेच ठरवायचं. मग पडद्यावरच्या बाहुल्याचे पाय मध्येच थरथरतात. पंजाबी ड्रेसवर ही अडचण बरीच कमी होते. सासूबाईंनी साडी सोडली नाही, बोलिंगही सोडलं नाही. बोलिंगमध्ये पायांना फारसं काम नसतं, त्यामुळे त्या चिरंजीवांना सर्रास हरवतात.

दुपारी बाल्कनीचा पडदा ओढावा लागतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि त्यात ठिपके बुडतात. काच आणि आरसा यांच्याशीही त्याचं पटत नाही. आमचं शोकेस म्हणजे दोन्ही. शिवाय किनेक्ट माणसं शोधायला इतकं उत्सुक, की हँगरला लटकवलेल्या शर्टातही त्याला कधी कधी सांगाडा दिसतो. अमेरिकेत भुतं शोधणारे लोक हाच सेन्सर घेऊन ओसाड घरांत हिंडतात आणि पडद्यावर काटकुळी आकृती उमटली की किंचाळतात. आमच्याकडे ते भूत बहुतेक वेळा इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं असतं.

किनेक्ट एका वेळी दोघांनाच खेळवतं. ज्या घरात स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायची वाट टीव्ही आणि खेळाडू यांच्यामधून जाते, तिथे हा तपशील महत्त्वाचा. किनेक्ट ॲडव्हेंचर्समध्ये एकटा कोणी खेळत असताना धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मी मधून गेले, की किनेक्ट मलाच दुसरा खेळाडू समजतं आणि मीही पडद्यावरच्या तराफ्यावर.

गेमकडे येऊ, कारण खरा निकाल तिथे लागतो. तुम्ही हात उचलल्यापासून पडद्यावरचा हात उचलेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त वेळ जातो. ऐकायला किरकोळ. पण गाडी वळवताना, ठोसा चुकवताना हा उशीर हाडात जाणवतो. किनेक्ट जॉय राइडमध्ये हवेतलं स्टिअरिंग धरून पाच मिनिटांत खांदे भरून येतात, आणि ॲक्सिलरेटर नाहीच, गाडी आपोआप पळते. म्हणजे त्या पहिल्या फिल्ममधलं स्टिअरिंग मिळालं, पण चालवण्यातली निम्मी मजा गेली. चालायची सोय नाही म्हणून बरेच गेम रुळावरून पुढे सरकतात, तुम्ही फक्त हातवारे करायचे. मेन्यूत काही निवडायचं तर हात वर धरून पडद्यावरचा गोल भरेपर्यंत थांबा. गेम थांबवायचा तर डावा हात अंगापासून जरा दूर, तिरका खाली धरायचा.

आणि मग डान्स सेंट्रल. हार्मोनिक्स कंपनीचा हा एकच गेम असा, की तो बनवणाऱ्यांनी यंत्राची खोड ओळखून त्याभोवती घर बांधलंय. पडद्यावर तुमचा बाहुला नाही, शिकवणारा नर्तक आहे. पुढची स्टेप बाजूच्या कार्डावर आधीच दिसते, गाणं कानात असतं, तुम्ही तालावर नाचता. यंत्राला तुमचा हात थोडा उशिरा कळला तरी तुमचं काही अडत नाही, कारण तुम्ही पडद्यावरच्या स्वतःची वाटच बघत नाही. चुकलात तर नर्तकाचा तोच हात किंवा पाय लाल होतो. डावं कोपर लाल, म्हणजे डावं कोपर कामचुकार. इतकं नेमकं. मेन्यूसुद्धा हात बाजूला झटकून चालतो, गोल भरत बसायला नको. मी यावर घाम गाळते, नवरा दार लावून घेतो.

म्हणून माझं मत असं, की तेव्हाच्या भांडणात दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवरून भांडत होत्या. यंत्र चालतं की नाही, हा प्रश्नच नव्हता, ते चालतं. बटण आणि चालणं काढून घेतल्यावर खेळण्यासारखं काय उरतं, हा प्रश्न होता. नाच, बोलिंग, उड्या, व्यायाम, एवढंच उरतं. ते चांगलं आहे. पण मायलो, रणगाडे आणि अंतराळातली युद्धं दाखवून ते विकायची गरज नव्हती.

विकलं मात्र दणक्यात. ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत बाजारात आलं आणि पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख गेले. सर्वांत वेगाने खपलेलं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. मुंबईतल्या एका मॉलमध्ये मी किनेक्टचा डेमो पाहिला होता. फरशीवर चिकटपट्टीचा चौकोन, आजूबाजूला दहा फूट मोकळी जागा, आणि विक्रेता स्वतःच इतक्या तयारीने खेळत होता की गिऱ्हाइकाला फक्त टाळ्या वाजवायच्या. ‘घरी एवढी जागा लागेल का?’ या प्रश्नावर तो म्हणाला, ‘मॅडम, ॲडजस्ट होतं.’

पुढची आवृत्ती २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसोबत सक्तीने दिली. ती तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सरस होती, पण ती जोडी पाचशे डॉलरची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभरने महाग. त्यात सतत कान टवकारून बसणारा कॅमेरा, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात अमेरिकी सरकारच्या पाळतीची प्रकरणं बाहेर आलेली. वर्षभरात किनेक्टशिवाय कन्सोल विकायला लागले, २०१७ मध्ये उत्पादन बंद. प्राइमसेन्स ॲपलने २०१३ मध्येच विकत घेतली होती. आयफोन टेन तोंड बघून उघडतो तेव्हा तोही चेहऱ्यावर अदृश्य ठिपकेच टाकतो. दिवाणखान्यात सहा फूट मागे उभं राहावं लागत होतं, खिशातल्या फोनला हातभर अंतर पुरतं.

तर जुनं घ्यावं का? घरात लहान मुलं, उत्साही आजी आणि मोकळी जमीन असेल तर जरूर घ्या. मुलगा फुटबॉलचे आणि गोळीबाराचे गेम खेळणारा असेल तर तो हे दोन दिवसांत टाकून देईल. आमचे चिरंजीव अजून डब्याचं नाव काढतात, पण पूर्वीइतक्या जोराने नाही.

घेताना एवढं बघा. एक्सबॉक्स ३६० चं जुनं जाडं मॉडेल असेल तर किनेक्टचा वेगळा अडॅप्टर, भिंतीत खोचायचा आणि यूएसबीचा जोड असलेला, सोबत हवाच. त्याच्याशिवाय ते जोडताच येत नाही. नंतरच्या सडपातळ मॉडेलला मागे थेट जागा आहे. सुरू केल्यावर सेन्सर आपणहून मान हलवतो का बघा. हाताने मान वाकवू नका, आतली मोटर जाते. ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालंय, तेव्हा ‘गेम नंतर डाउनलोड करा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, डिस्क हातात मागा आणि तिथल्या तिथे लावून बघा. किनेक्ट ॲडव्हेंचर्स बहुतेक सोबत येतंच. डान्स सेंट्रलची डिस्क देत असतील तर दोनशे-तीनशे जास्त द्यायला हरकत नाही.