जुन्या हार्डवेअरवर नेटबीएसडी की डेबियन?

पॉवरपीसी प्रोसेसरचा जुना ॲपल मॅक, सन कंपनीचं स्पार्कस्टेशन किंवा डीईसीच्या व्हॅक्ससारखं जुनं मशीन हातात आलं की प्रश्न हाच पडतो: त्यावर नेटबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची की डेबियन हे लिनक्स? आता व्हॅक्स असेल तर विषयच संपला, नेटबीएसडी टाका, डेबियन त्यावर कधी आलंच नाही.

खरी चुरस आहे जी४ मॅकवर, म्हणजे ३२-बिट पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकवर. डेबियनने ३२-बिट पॉवरपीसीचा अधिकृत सपोर्ट २०१७ मध्ये, ९व्या आवृत्तीपासून बंद केला, तरी पोर्ट्समध्ये (अधिकृत सपोर्ट नसलेल्या मशीनांसाठीच्या आवृत्त्यांमध्ये) ते अजून जिवंत आहे आणि मोजकेच लोक ते चालू ठेवतात, त्यांचं खरंच कौतुक वाटतं. तयार पॅकेजेस मिळतात ही मोठी सोय, पण सगळं अनस्टेबल या सतत बदलणाऱ्या शाखेवर चालतं, त्यामुळे एखाद्या अपडेटनंतर डिपेन्डन्सी (एका पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) तुटली की बसा सोडवत.

नेटबीएसडीचं इन्स्टॉलेशन जरा रुक्ष आहे. मॅक सुरू होताना ओपन फर्मवेअर या त्याच्या अंगच्या बूट प्रोग्रॅममध्ये जाऊन (कमांड, ऑप्शन, ओ, एफ एकत्र दाबून) ओएफडब्ल्यूबूट हा नेटबीएसडीचा बूटलोडर कुठून उचलायचा ते हाताने टाइप करावं लागतं आणि एक स्वल्पविराम चुकला तरी मशीन ढिम्म हलत नाही. पण मला जे सगळ्यात आवडतं ते म्हणजे बिल्ड डॉट एसएच, ही स्क्रिप्ट तुमच्या आजच्या वेगवान लॅपटॉपवर त्या म्हाताऱ्या मशीनसाठी अख्खी सिस्टीम क्रॉस-कंपाइल करून देते, तेही लिनक्सवरून. बाहेरची सॉफ्टवेअर्स मात्र पीकेजीसोर्स या नेटबीएसडीच्या पॅकेज संग्रहातून मशीनवरच कंपाइल करायला घेतली तर रात्र जाते.

डेस्कटॉप हवा असेल तर डेबियन. छोटा सर्व्हर किंवा सिरियल कन्सोलवर (स्क्रीनऐवजी सिरियल केबलने जोडलेल्या टर्मिनलवर) खटपट करायची असेल तर मी डोळे झाकून नेटबीएसडी घेईन.