पोर्शे ९११ एससीचे मागचे अ‍ॅक्सल: बूट, ग्रीस, बोल्ट बदलून काही महिने चालवल्यानंतर

काम करून आता बरेच महिने झालेत, हायवे, खड्डे, पाऊस सगळ्यातनं गाडी फिरलीये, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो, ओरिजिनल अ‍ॅक्सल फेकू नका. जॉइंटच्या आतल्या खोबणीत खड्डे पडले नसतील तर नवे बूट (जॉइंटवरची रबरी आवरणं), नवं ग्रीस आणि नवे बोल्ट एवढ्यावर ते अजून मस्त चालतात. कुठला तरी स्वस्तातला तयार शाफ्ट घेण्यापेक्षा मला तरी हेच जास्त भरवशाचं वाटतं.

एससी म्हणजे १९७८ ते १९८३ मधली, ३ लिटरची. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, गिअरबॉक्समधून दोन बाजूंना दोन आखूड हाफ शाफ्ट (म्हणजेच हे अ‍ॅक्सल) निघतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही एकसारखा फिरणारा सांधा. म्हणजे एकूण चार जॉइंट, प्रत्येकात सहा गोळ्या. चाक वरखाली झालं की शाफ्टचा कोन बदलतो, लांबीतही थोडा फरक पडतो, ते सगळं या गोळ्याच सांभाळतात. आणि दोन्ही टोकं फ्लँजला (बोल्ट लावायच्या गोल चकतीला) बोल्टनी लावलेली असल्यामुळे चाकाच्या मोठ्या हब नटला हातच लावावा लागत नाही, ही फार सोयीची गोष्ट आहे.

माझ्या गाडीत लक्षणं अगदी ठरलेली होती, वळताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की टकटक, आणि ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा उडालेला. तो पट्टा दिसला की बूट फाटलाय समजा. ग्रीस बाहेर येतं ते परवडलं, पण धूळ आत गेली की पॉलिश पेपर लावल्यासारखा जॉइंट आतून घासला जातो. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते म्हणून सांगतो, सरळ रस्त्यावर स्पीडबरोबर वाढत जाणारी घूं घूं असेल तर आधी व्हील बेअरिंग बघा, सीव्ही जॉइंट सहसा लोडवर आणि वळणावर बोलतो.

खरी कसोटी बोल्ट सोडताना लागते. अ‍ॅलन टाइपच्या डोक्याच्या खाचेत वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती गच्च बसलेली असते, वरून बघितलं तर खाच साफ वाटते पण बिट (पान्याचं खाचेत बसणारं टोक) अर्धाच आत जातो, आणि तसाच जोर लावला की डोकं गोल झालंच. मी प्रत्येक बोल्टची खाच टोकदार सुईने उकरली, मग ब्रश आणि ब्रेक क्लीनर, मग बिट हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवला, आणि तेव्हाच पाना लावला. कंटाळवाणं आहे पण एकही बोल्ट खराब झाला नाही.

जॉइंट उघडल्यावर जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, जुन्यावर नवीन भरू नका. गोळ्या, केज (गोळ्या धरणारा पिंजरा), आतली रेस (गोळ्यांच्या खोबण्या असलेलं कडं) हे एका जॉइंटचं दुसऱ्यात मिसळायचं नाही, प्रत्येकाचा वेगळा डबा ठेवा. गोळी ज्या खोबणीत फिरते तिथे चमकदार पट्टा असणारच, त्याची काळजी नको. नखाला खाच लागली किंवा पृष्ठभागाची सालं निघाली असतील तर मात्र तो जॉइंट बाद. परत जोडताना आतल्या आणि बाहेरच्या रेसच्या खोबण्यांमधलं रुंद-अरुंद अंतर नीट जुळवावं लागतं, चुकलं तर जॉइंट अडकतो, हाताने सगळीकडे मोकळा फिरतोय का बघितल्याशिवाय शाफ्टवर चढवू नका.

आता सगळ्यात आवडलेली गोष्ट. डावा शाफ्ट उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. पुढे जाताना गोळ्या खोबणीच्या एकाच भिंतीवर दाबल्या जातात, तीच झिजते, समोरची भिंत जवळजवळ कोरी असते. बाजू बदलली की भार त्या कोऱ्या भिंतीवर येतो. त्याच बाजूला ठेवून फक्त टोकं उलटी केली तर काही उपयोग नाही, कारण फिरण्याची दिशा आणि कोण कोणाला ढकलतंय हे दोन्ही एकदम उलटतं आणि भार परत जुन्याच भिंतीवर जातो. बाजूच बदलायला हवी.

बूट घेताना उभे चिरलेले, बसवल्यावर चिकटवायचे बूट घेऊ नका, अ‍ॅक्सल न काढता बसतात हे खरं पण जोड हाच त्यांचा कमकुवत भाग. अखंडच घ्या. ग्रीस मोलिब्डेनमवालं, साधं बेअरिंग ग्रीस नाही. आणि फ्लँज, बोल्टचे आटे एकदम कोरडे करा, तिथे ग्रीस राहिलं तर बोल्ट सैल होतो. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टला साधारण ४२ आणि एम१० ला ८३ न्यूटन मीटर, आपल्या गाडीत कुठले आहेत ते मोजून घ्या. पहिल्या छोट्या फेरीनंतर परत टॉर्क बघायचाच, माझे दोनतीन बोल्ट खरंच थोडे फिरले. मग डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवली, आता गाडीखाली गेलं की एका नजरेत कळतं कोण हललंय.

आजची स्थिती म्हणाल तर बूट कोरडे, ट्रेलिंग आर्म स्वच्छ, रेघा जागच्या जागी, वळणावरची टकटक पूर्ण बंद. पाय उचलून परत दिला की एक हलका ठोका येतो तो मात्र अजून आहे, तो अ‍ॅक्सलचा नाही, डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या) गिअरांमधली फट आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंट्सचा आहे, तेव्हा नव्या बुटांनी तो जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

एक कटकट उरलीये. गिअरबॉक्सच्या एका बाजूच्या फ्लँजचं ऑइल सील किंचित ओलं दिसतंय. शाफ्ट खाली असताना ते कोरडं होतं म्हणून तसंच ठेवलं होतं, पण एवढ्या जुन्या गाडीत दोन्ही सील त्याच वेळी बदलून घेणं बरं, कारण त्यासाठी शाफ्ट परत उतरवायचा म्हणजे तेच सगळे बोल्ट परत सोडायचे आणि परत नवे लावायचे. ते काम आता पुढच्या गिअर ऑइल बदलासोबत करणार आहे.