व्हीजीए पोर्ट असलेलं '१०५० टीआय' कुणी देत असेल तर घेऊ नका

जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल आणि दुकानदार स्वस्तात 'जीटीएक्स १०५० टीआय' देतो म्हणत असेल, तर पैसे काढायच्या आधी कार्ड हातात घेऊन मागची पत्र्याची पट्टी बघा. तिथे जुन्या मॉनिटरचा निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए पोर्ट दिसला तर कार्ड तिथेच खाली ठेवा. १०५० टीआय हे एनव्हीडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पास्कल पिढीचं, २०१६ सालचं कार्ड. त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. तो पोर्ट असणं म्हणजे आत २०१०-११ ची जुनी चिप असण्याची दाट शक्यता. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे साडेसात हजार वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा पीसी जुना, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ चा, ४५७० प्रोसेसर, एच-८१ बोर्ड, डीडीआर-३ रॅम. एसएसडी टाकल्यापासून तो उत्तम चालतो आणि एवढ्यात बदलायचीही गरज नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देण्याचं माझं काम आहे. एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनायला, फार वेळ जायचा, म्हणून ते काम प्रोसेसरऐवजी स्वतः करणारं कार्ड हवं होतं. पुण्यातल्या एका दुकानात विचारलं.

"ताई, कंपनीतून निघालेला माल आहे, एकदम ओके. साडेपाच हजारांना देतो, टेस्टिंग वॉरंटी. फक्त एक करा, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करू नका. आम्ही टाकलाय तोच राहू द्या."

त्याने माझ्यासमोर कार्ड बसवलं, विंडोजमध्ये नाव उघडून दाखवलं. 'जीटीएक्स १०५० टीआय', ४ जीबी, सगळं बरोबर. बिल मागितलं तर चिठ्ठीवर 'ग्राफिक कार्ड' एवढंच लिहून मिळालं.

घरी आल्यावर एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगचा, म्हणजे ते काम कार्डाकडे सोपवायचा, पर्यायच दिसेना. टाइमलाइनवर दोन-तीन थर चढले की पडदा काळा व्हायचा आणि पीसी रीस्टार्ट व्हायचा. पुन्हा दुकानात गेले. त्याने पीसी उघडला, दोन मिनिटं पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कार्डाला पॉवर कमी पडतेय. तुमचं एसएमपीएस जुनं झालंय." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आणखी दोन हजार घेऊन नवीन '४५० वॉट'चं एसएमपीएस बसवलं. माझं जुनं, नावाजलेल्या कंपनीचं, आतल्या खोलीत गेलं. परत मागितलं तर "जुना माल आम्ही भंगारात टाकतो, ताई."

ही अशा दुकानदारांची खरी कमाईची जागा. पहिल्या खोट्या मालामुळे पीसी बिघडतो आणि त्या बिघाडाचं खापर दुसऱ्या, चांगल्या पार्टवर फोडून तोही काढून घेतला जातो.

रीस्टार्ट थांबले नाहीतच. तेव्हा माझ्या मावसभावाने जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी कंसात सरळ 'फेक' असं लिहून आलं. शेडर, म्हणजे चिपमधले गणित करणारे छोटे भाग, १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये ते ७६८ असतात. म्हणजे आत जीटीएस ४५० या जुन्या कार्डाच्या जमान्यातली, एनव्हीडियाच्याच फर्मी पिढीची चिप होती आणि कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डात साठवलेल्या माहितीत, फक्त नाव बदललेलं होतं. विंडोज तेच नाव वाचून दाखवतं, त्यामुळे विंडोजमधल्या नावावर अजिबात विसंबू नका. फर्मी चिपमध्ये व्हिडिओ एन्कोडर नसतोच, म्हणून तो पर्याय दिसत नव्हता. ड्रायव्हरला हात लावू नका असं का बजावलं होतं तेही कळलं. फर्मीसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्येच बंद झाले आहेत, नवीन टाकला की बिंग फुटतं. ४ जीबी मेमरीही नावापुरतीच. अशा कार्डांवर बहुधा १ जीबीच असते, ती भरली की पडदा काळा.

नव्या एसएमपीएसचं लेबल मग नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे खरा आकडा हाच. माझा प्रोसेसर ८४ वॉटचा आणि ती जुनी चिप शंभराच्या वर, म्हणजे दोन्ही मिळून १६८ च्या पुढेच. खऱ्या १०५० टीआयला ७५ वॉट पुरतात आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. माझ्या कार्डाला मात्र सहा पिनांची केबल लावली होती, तीही हार्ड डिस्कच्या कनेक्टरला जोड देऊन.

दुकानदार आधी "तुम्हीच बदललं असेल" म्हणाला. बसवताना मी मोबाइलवर काढलेल्या फोटोत कार्डाचा सिरियल नंबर आणि तो निळा पोर्ट दोन्ही दिसत होते. ते दाखवून, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्याचं सांगितल्यावर त्याने कार्डाचे चार हजार परत केले. बाकीचे नाहीत. जुनं एसएमपीएस तर गेलंच.

कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका. पक्क्या बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, काढलेला प्रत्येक जुना पार्ट त्याच दिवशी घरी आणा, आणि पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवर नेलेलं जीपीयू-झेड दुकानातच चालवा. खरा माल विकणारा त्याला नाही म्हणत नाही. नंतर प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात न्यायची वेळ आलीच, तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण हातात बिल लागतं.