खडकीची वॉर सिमेट्री: जाण्याआधी यादी काढा

पुण्यातल्या मुळा रोडवरच्या या युद्ध दफनभूमीत हिरवळ आणि ओळीने बसवलेले दगड पाहून लोक अर्ध्या तासात बाहेर पडतात. निगेला पैकीच्या पैकी गुण. पण इतिहास समजून घ्यायचा तर हातात शोधायच्या नावांची यादी हवी, कारण एकाच आवारात दोन महायुद्धांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत.

कबरी दुसऱ्या महायुद्धाच्या, १,६६८. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. त्यामुळे इथे नाव सापडले म्हणून तो सैनिक पुण्यातच मरण पावला असे धरू नका. मृत्यूचे ठिकाण दगडावर लिहीत नाहीत. वर रेजिमेंटचे चिन्ह, मग सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी, तारीख, वय. तळाशी कुटुंबाने दिली असेल तर एखादी ओळ. तिच्यासाठी वाकावे लागते, जरूर वाका. बाकी मजकूर ठराविक साच्यातला, तेवढीच ओळ घरच्यांच्या शब्दांतली.

पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावे आहेत, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. यातले बरेचसे सैनिक इथे नव्हे, तर भारत-पाकिस्तानातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत पुरलेले आहेत. मात्र यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून इथेच पुन्हा पुरले. मृत्यूचे साल १९१९ किंवा १९२० दिसले तर ती चूक नव्हे. या नोंदींत पहिल्या महायुद्धाचा काळ ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत मोजतात.

अशा युद्धकबरींची निगा राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. तिथे खडकीचे जुने ‘किर्की’ (Kirkee) हेच स्पेलिंग वापरा. दफनभूमी आणि १९१४-१९१८ स्मारक अशा दोन नोंदी आहेत, दोन्ही तपासा. पूर्ण नावाऐवजी आडनाव आणि आद्याक्षर टाका, कारण अनेक नोंदींत तेवढेच असते. कबरीचा क्रमांक विभाग, ओळ, कबर या क्रमाने वाचायचा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतले पणजोबा शोधायला मात्र इथे येऊ नका. हिंदू सैनिकांचे दहन होई, नावे स्मारकांवर कोरली जात. माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी, नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचे नाव तिथल्याच कॅसिनो (Cassino) गावच्या स्मारकावर आहे.