लेट्रोझोल, मग एक्झेमेस्टेन: हार्मोनच्या गोळीचा वर्षभराचा अनुभव

माझं वय 59, राहणार सोलापूर. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक, सगळं आटोपल्यावर डॉक्टरांनी पाच वर्षांसाठी रोजची एक गोळी लिहून दिली, लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम. त्याला आता वर्ष उलटून गेलं. मधे एकदा गोळी बदलली. सांधे धरले म्हणून ज्या बायका ही गोळी गुपचूप बंद करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं एवढंच, की गोळी सोडण्याआधी त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या त्रासावर करण्यासारखं बरंच असतं आणि ते मी स्वतः अनुभवलंय.

आधी गोळी कशासाठी ते सांगते, कारण ते कळलं नाही तर पाच वर्षं ती घेण्याचा धीरच राहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ओळखीच्या एक विडी कामगार बाई आहेत, त्यांचाही हाच आजार. त्या मला म्हणाल्या, "अक्का, गाठ तर काढली की, मग आता गोळी कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांच्या गाठीच्या तपासणीत ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह येतं (म्हणजे पेशींवर बायकांच्या हार्मोनला पकडणाऱ्या जागा सापडतात), त्यांच्या कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात. ऑपरेशननंतरही एखादी पेशी अंगात कुठे दडून राहिलेली असू शकते, आणि तिला खतपाणी मिळू द्यायचं नसतं. पाळी गेली की अंडाशयाचं काम थांबतं हे खरं, पण इस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. किडनीच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या हार्मोनचं रूपांतर चरबीत, स्नायूंत, त्वचेत इस्ट्रोजेनमध्ये होत राहतं. ते करणाऱ्या एन्झाइमचं नाव अरोमाटेज. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तिन्ही गोळ्या त्यालाच अडवतात. टॅमॉक्सिफेनची तऱ्हा वेगळी, ती इस्ट्रोजेन बनू देते पण पेशीला चिकटू देत नाही.

पहिले दोन महिने काही जाणवलं नाही. त्यानंतर बोटं धरायला लागली.

मी घरी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करते. सोलापुरात हा धंदा मोठा आहे, जूनच्या आधी तर मान वर करायला फुरसत नसते. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. उजवा अंगठा वाकवला की तिथेच अडकायचा, आणि डाव्या हाताने सरळ केला की टक् करून सुटायचा. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणाले. कात्रीचं कडं नेमकं अंगठ्याच्या बुडाशी दाबतं, त्यामुळे चार पदरी कापड कापताना डोळ्यांत पाणी यायचं. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागायची. गुडघ्यांचं म्हणाल तर जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार हवाच. पण एक गोष्ट लक्षात आली. हालचाल सुरू केली की अर्ध्या-पाऊण तासात सांधे मोकळे व्हायचे आणि बसून राहिलं की पुन्हा धरायचे.

माझ्या भाचीने 2015 साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचून मला सांगितलं. याच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या 121 बायका त्यात होत्या. त्यांतल्या एका गटाने वर्षभर आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन वेळा वजनाचे व्यायाम केले. त्यांच्या सगळ्यात वाईट दुखण्याचे गुण सरासरी 29 टक्क्यांनी उतरले. दुसऱ्या गटाचे उतरलेच नाहीत, उलट किंचित वाढले. डॉक्टरांना विचारून मीही सुरू केलं. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालणं, घरी पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. महिन्या-दीड महिन्यात गुडघे बरेच सुधारले. बोटांना फारसा फरक पडला नाही.

तेव्हा डॉक्टरांनीच गोळी काही आठवडे थांबवायला सांगितली. दुखणं उतरलं, म्हणजे ते गोळीचंच होतं हे स्पष्ट झालं. मग एक्झेमेस्टेन 25 मिलिग्रॅम सुरू केली. एक गोळी सोसली नाही तरी त्याच गटातली दुसरी सोसू शकते, असं त्यांनी समजावलं. सगळ्यांना असा फायदा होतोच असं नाही. मला झाला. अंगठा आजही कधीकधी अडकतो, पण कात्री धरता येते आणि दोरा मी माझा ओवते. एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यायची असते, म्हणून मी रात्री भाकरी खाऊन उठले की लगेच घेते. लेट्रोझोलला जेवणाचं बंधन नव्हतं.

अंगातून निघणाऱ्या वाफांबद्दल. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे घरातल्यांना वाटतं उकाडा सगळ्यांनाच आहे. पण हे वेगळं असतं. छातीतून उष्णता निघते, मान आणि तोंड तापतं, घाम फुटतो, आणि काही मिनिटांत अंग गार पडतं. रात्री चादर फेकायची आणि पुन्हा ओढून घ्यायची, झोपेचं खोबरं होतं. संध्याकाळनंतरचा चहा आणि तिखट कमी केल्यावर मला थोडं बरं वाटलं. शेंगाची चटणी मात्र सोडलेली नाही, ती दुपारी खाते.

आता हाडं. या गोळ्यांचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हाड ठिसूळ होताना दुखत नाही. सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, कोणी सांगितलं नाही तर स्वतः विचारा. माझा टी-स्कोर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे 1.8 आला. उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, आणि उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. ड जीवनसत्त्वही कमी निघालं. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात ते कसं, असं सून म्हणाली, पण दिवसभर मशीनवर घरात बसणाऱ्या बाईला ऊन लागतं कुठे! ज्वारीची भाकरी उत्तम, पण कॅल्शियम तिच्यात थोडंच. त्यासाठी दूध, दही आणि तीळ. मी तिळाचं कूट संक्रांतीपुरतं न ठेवता वर्षभर भाजीत घालते. कॅल्शियमच्या गोळ्याही आहेत, त्या एकदम न घेता विभागून घ्यायला सांगितल्यात. शिवाय हाडं टिकावीत म्हणून दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन. ते लावण्याआधी दात दाखवून घ्यावे लागतात, कारण ते सुरू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. पहिल्या सलाईननंतर मला ताप आला, अंग मोडून निघालं. दोन दिवसांत उतरलं. कोलेस्टेरॉलही वाढू शकतं, ते अधूनमधून तपासते.

एका त्रासाबद्दल बायका आपसातही बोलत नाहीत, म्हणून मीच लिहिते. योनीमार्ग कोरडा पडतो. नवऱ्याजवळ जाताना दुखतं, नुसतं चालतानाही चुरचुरतं, लघवीला जळजळ होते. लाज वाटून गप्प बसू नका. पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) जेली आणि योनीसाठीचं मॉइश्चरायझर मिळतं, त्यात हार्मोन नसतं. मात्र इस्ट्रोजेन असलेलं मलम मेडिकलमधून परस्पर आणून लावू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारा. पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. मी तेच केलं.

त्या विडीवाल्या बाईंनी गोळी सोडूनच दिली होती. पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, सगळं बोटांवरचं काम. बोटं धरली की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांना कोणी हट्टी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. मी त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांना आता अ‍ॅनास्ट्रोझोल सुरू आहे आणि हाताचा व्यायाम शिकवलाय. कॅन्सरच्या तपासणीसाठी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बायकांना दर वेळी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. गोळ्या जेनेरिक मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारून बघा. फक्त कंपनी बदलली तर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम पाकिटावर तपासून घ्या.

गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. आणि केमोमुळे ज्यांची पाळी थांबलीय, वय पंचेचाळिशीच्या आसपास आहे, त्यांनी पाळी कायमची गेली असं गृहीत धरू नका. अंडाशय पुन्हा जागे होऊ शकतात, आणि तसं झालं तर नुसत्या या गोळ्या पुरत नाहीत. रक्ताची हार्मोन तपासणी लागेल का ते विचारा, आणि मधे रक्तस्राव दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.