टायरचा सोल, पैसा वसूल

भुसावळ स्टेशनबाहेर बसतात त्या मोचीकाकांकडून जुन्या मिलिटरी बुटांना टायरचा सोल मारून घेतला अन् काय काम केलंय भो, केळीच्या बागेतल्या चिखलात दोन महिने झाले एक टाका हलला नाही. काका बुटात पेपर कोंबत होते तेव्हा मी म्हटलं, १९४१ ला रशियात जर्मन सैनिक पण हेच करायचे, सोलच्या लोखंडी खिळ्यांतून गारठा थेट पायात जायचा ना, रशियनांचे लोकरीचे बूट मात्र ढिले, आत कापड गुंडाळायला जागा. व्हिएतनाममध्ये अमेरिकन तर लेसमध्येच ओळख पटवायचा बिल्ला ओवायचे. (आपले जवान १९६२ ला कॅनव्हासच्या बुटात हिमालयात, जाऊ द्या.) वजन वाढलं थोडं, अन् उन्हात रबराचा वास मारतो. चार स्टार.